‘आम्ही’ की ‘आपण’?
परदेशांतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
परदेशांतील महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि मंडळांच्या ऑनलाइन गटांचे ॲडमिन यांस,

विषय: गटांवरील भाषेचा नियम



इंग्रजीतल्या ‘वी’साठी मराठीत दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘आम्ही गणपती बसवतो’ ही माहिती झाली. ‘आपण गणपती बसवू या’ हे आमंत्रण झाले. हा भेद गुजरातीत आहे, बहुतेक द्राविडी भाषांत आहे. हिंदीत आणि इंग्रजीत नाही. परदेशांतल्या मराठी गटांवर कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत लिहावे हा वाद वरवर शुद्धतेचा दिसतो, पण त्याच्या तळाशी ही दोन सर्वनामे आहेत. आलेला मजकूर ज्याला वाचता येतो तो ‘आपण’मध्ये मोजला जातो. ज्याला येत नाही त्याच्या दृष्टीने बाकीचे सगळे ‘आम्ही’ होऊन बसतात.

अनेक गटांच्या माहितीत एक ओळ ठेवलेली असते: ‘कृपया फक्त मराठीत, देवनागरीत लिहावे.’ ओळीमागचा हेतू चांगला असतो, पण तिच्यात तीन निरनिराळ्या निवडी एकत्र बांधल्या जातात. मराठी की इंग्रजी ही भाषेची निवड. देवनागरी की रोमन ही लिपीची निवड. प्रमाण मराठी की घरची बोली ही भाषेच्या रूपाची निवड. ‘मीटिंग पोस्टपोन केली आहे, प्लीज नोट’ हा निरोप देवनागरीत असल्याने नियमात बसतो, जरी त्यातली मराठी क्रियापदापुरती उरली असली. ‘उद्या येताय ना, पुरणपोळी केलीय’ हा निरोप रोमन अक्षरांत टाइप केला तर नियमात बसत नाही, जरी तो नखशिखांत मराठी असला. नियमाला जे राखायचे असते ते त्याच्या हातून निसटते, ते असे.

रोमन अक्षरांतली मराठी आळसातून आली असे मानले जाते. तिचा इतिहास वेगळे सांगतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा १९६५ मध्ये बदलला, त्यानंतर डॉक्टर, अभियंते आणि विद्यार्थी तिकडे मोठ्या संख्येने जाऊ लागले आणि १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. या पिढीचा लेखी मराठी व्यवहार हाताने लिहिलेल्या पत्रांचा आणि सायक्लोस्टाइल वार्तापत्रांचा होता. त्यात लिपीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आला तो संगणकाबरोबर. १९९० च्या दशकात संगणक क्षेत्रातली मोठी लाट परदेशी गेली, तेव्हा पडद्यावर देवनागरी उमटवण्याची सर्वमान्य सोय नव्हती. बाजारातले देवनागरी फाँट आपापल्या पद्धतीने अक्षरे साठवत. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर तोच फाँट नसेल तर चित्रविचित्र चिन्हांचा ढीग होऊन दिसे. म्हणून मराठी माणसे रोमन अक्षरांकडे वळली. अविनाश चोपडे यांनी १९९१ मध्ये तयार केलेल्या ‘आयट्रान्स’सारख्या पद्धतींनी त्यातही शिस्त आणली. दीर्घ स्वर, ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्यासाठी त्यांत ठरावीक चिन्हे होती.

युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामायिक मानकाची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवल्या होत्या. पण मानक ठरणे आणि ते घराघरांतल्या यंत्रांत पोचणे यांत बरीच वर्षे गेली. विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय आली ती ‘विंडोज २०००’पासून. मराठीला रोज लागणारा ‘ॲ’, म्हणजे ‘ॲडमिन’ या शब्दातलेच पहिले अक्षर, युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून आले ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत. मोबाइलवर तर हिशेब पैशांचा होता. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरे १६० मावत, देवनागरी चिन्हे फक्त ७०, आणि त्या ७० मध्ये काना, मात्रा, वेलांटीही मोजली जाई. ‘किल्ली’ हा शब्द दोन अक्षरांचा, पण देवनागरीत त्याची सहा चिन्हे होतात. लांब निरोप देवनागरीत पाठवणे बहुधा दुपटीहून महाग पडत असे. आज हे अडथळे बव्हंशी दूर झाले आहेत, फोनवर देवनागरी कळफलक फुकट मिळतो आणि बोललेले लिहूनही घेतो. बोटांना लागलेले वळण मात्र अडथळ्यांच्या त्या काळातले आहे.

वळणामागे कारण होते म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. ठरावीक पद्धत न पाळता लिहिलेली रोमन मराठी वाचणाऱ्याकडून अर्थ भरून घेते. ‘डी, ए, एल’ ही तीन अक्षरे डाळ असू शकतात, दल असू शकतात आणि ‘धान्य दळ’मधले दळही असू शकतात. ‘जी, एच, ए, टी’ म्हणजे घट, घाट की घात हे पुढच्या-मागच्या शब्दांवरून ठरवावे लागते. काल आणि काळ, वेल आणि वेळ, पान आणि पण एकाच वेशात येतात. मराठी ज्याच्या कानात मुरलेली आहे तो हे क्षणात सोडवतो. मराठी शिकणाऱ्याला ते सुटत नाही, आणि ‘वाचायला सोपे जावे’ म्हणून रोमनचा आधार दिला जातो तो नेमका त्यालाच. दुसरी किंमत शोधाची. एकच शब्द पाच जण पाच प्रकारे लिहितात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गटावर आलेली मोदकांची कृती नंतर शोधून सापडत नाही.

तरीही लिपी म्हणजेच भाषा, असे मराठीचा इतिहास म्हणू देत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीतला रोजचा पत्रव्यवहार आणि दफ्तर मोठ्या प्रमाणावर मोडीत चाले. देवनागरीला ‘बाळबोध’ म्हणत आणि ती मुख्यतः पोथ्यांची व छापील पुस्तकांची लिपी होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. तरीही ते मराठी काव्य म्हणूनच ओळखले जाते. गोव्यात याच्या शेजारचे आणखी एक उदाहरण आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापराचीही तरतूद केली. पण आखाती देशांत, पोर्तुगालमध्ये आणि इंग्लंडमध्ये गेलेल्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांची कोंकणी रोमन लिपीत आहे. प्रार्थना, तियात्र नाटके, गाणी आणि नियतकालिके अशी शतकांची परंपरा तिच्या पाठीशी आहे. तिथे रोमन लिपी ही वारसा आहे. मराठी गटांवरची रोमन लिपी यंत्राच्या अडचणीतून आली. दिसायला दोन्ही सारख्या, पण ओळखीशी त्यांचे नाते वेगळे. तंजावरच्या मराठी घरांतही भाषा आणि लिपी यांची फारकत झालेली दिसते. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर गेलेली ही मराठी त्या घरांत अजून बोलली जाते, पण तमिळनाडूत शाळा शिकलेल्या तिथल्या तरुणांना तमिळ किंवा रोमन अक्षरे देवनागरीपेक्षा अधिक सवयीची असतात.

लिपीनंतर भाषेची निवड. एकाच गटावर एकच माणूस दिवसातून तीनदा भाषा बदलतो, आणि हा बदल सहसा विषयाबरोबर होतो. व्हिसा, कर, घरभाडे, मुलांची शाळा हे विषय निघाले की मजकूर इंग्रजीकडे झुकतो, कारण त्या व्यवहाराचे शब्दच त्या देशात शिकलेले असतात. सण, स्वयंपाक, नाटक, राजकारण आणि टिंगल मराठीत चालतात. मृत्यूच्या बातमीखाली दोन्ही भाषा येतात. गेलेल्या माणसाला जवळून ओळखणारे बहुधा मराठीत चार ओळी लिहितात, दुरून ओळखणारे तयार इंग्रजी आद्याक्षरांवर किंवा तितक्याच तयार ‘भावपूर्ण श्रद्धांजली’वर थांबतात. अशी अदलाबदल म्हणजे भाषेचा ऱ्हास नव्हे. दोन भाषांत जगणारा प्रत्येक समाज कामाप्रमाणे भाषा वाटून घेतो. काळजीची गोष्ट वेगळी आहे: वाटणीत मराठीकडे फक्त सणवार आणि खाणे उरले, तर गंभीर बोलण्याची भाषा म्हणून तिची ओळख पुसत जाते. पुढची पिढी मग तिला सणाच्या कपड्यांसारखी कपाटातून काढते आणि परत ठेवते.

इंग्रजीकडे वळण्यामागे मराठीच्या व्याकरणाचाही हात आहे. मराठीत ‘मी काल आलो’ किंवा ‘मी काल आले’ म्हणताच लिहिणाऱ्याचे लिंग कळते. ‘मी वाचले’ किंवा ‘मी लिहीन’ यांतून ते कळत नाही, पण वर्तमानकाळातल्या ‘मी जातो-जाते’मधून पुन्हा कळते. टोपणनावाने लिहिणाऱ्याला इंग्रजीत जो आडोसा आपोआप मिळतो तो मराठीत वाक्य वळवून मिळवावा लागतो. बायकांना नको ती लगट टाळायची असते, आणि स्त्री किंवा पुरुष या चौकटीत न बसणाऱ्यांना कोणतेच रूप आपले वाटत नाही. अशा सदस्यांची इंग्रजी ही मराठीशी बेइमानी ठरत नाही.

दुसरी अडचण ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची. अनोळखी माणसाच्या टोपणनावावरून वय कळत नाही. अहो-जाहो करावे तर समोरचा विशीतला निघतो, अरे-तुरे करावे तर साठीतला. इंग्रजीतला ‘यू’ हा पेच सोडवतो. परदेशात वाढलेल्या मुलांची अडचण याहून मोठी असते. त्यांची मराठी बहुधा आईबाबांशी बोलून आलेली, आणि आजच्या अनेक घरांत दोघांनाही ‘तू’च म्हणतात. अहो-जाहोचा सराव व्हायला काका, शेजारी, दुकानदार, शिक्षक असा मोठा मराठी गोतावळा लागतो; तो परदेशात नसतो. मग गटावर एखादा मुलगा वडिलांच्या मित्राला ‘काका, तू कधी येणार?’ असे लिहितो आणि खाली हसरे चेहरे उमटतात. हसणाऱ्यांना त्यात कौतुकच वाटत असते. मुलगा मात्र पुढचा निरोप इंग्रजीत लिहितो.

याच जागी तिसरी निवड येते, भाषेच्या रूपाची. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांपैकी चौदा १९६२ मध्ये आणि आणखी चार १९७२ मध्ये मान्य झाले. पाठ्यपुस्तके, शासनव्यवहार आणि छापील मजकूर यांत एकवाक्यता यावी हे त्यांचे काम, आणि ते त्यांनी केले. गप्पांच्या गटावर तेच नियम वेगळे काम करू लागतात. ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ लिहिणारा सदस्य विदर्भातला किंवा खानदेशातला असू शकतो आणि त्याच्या घरी तो शब्द तसाच उच्चारला जात असू शकतो. त्याला चारचौघांत दुरुस्त केले की शब्द सुधारतो, माणूस गप्प होतो. शिवाय देवनागरीही मराठीचा प्रत्येक उच्चार दाखवत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगणे यांतला ‘ज’ वेगळा, तसाच ‘चार’ आकड्यातला आणि ‘गुरांना चार’मधला ‘च’ वेगळा, पण लिहिताना अक्षर एकच. त्या जागा मराठी माणूस कानाने भरतो. परदेशात वाढलेल्या मुलाचा कान तेवढा भरलेला नसतो, म्हणून नुसती बाराखडी गिरवून त्याला मराठी येत नाही.

भाषा पुढच्या पिढीत कशी जाते याचा अभ्यास करणारे जोशुआ फिशमन यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात भर दिला तो घरावर. शाळा, वृत्तपत्रे आणि सरकारी मान्यता यांचे महत्त्व त्यांना मान्य होते, पण आईवडिलांनी मुलांशी ती भाषा बोलणे हा त्यांच्या मांडणीचा कणा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद परदेशांतही झाला, पण न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात कोणती भाषा बोलली जाईल हे त्या निर्णयाने ठरत नाही. गटांनीही पूर्णपणे ठरत नाही. गट एक गोष्ट करू शकतात: घराचा परीघ थोडा वाढवू शकतात. साताऱ्यातली आजी, न्यू जर्सीतली मुलगी आणि तिथे जन्मलेला नातू एका गटावर असतील तर तिघांना सामायिक अशी लिपी नाही. आजीला रोमन वाचता येत नाही, नातवाला देवनागरी येत नाही. बोलणे मात्र दोघांना कळते. म्हणून कुटुंबाच्या गटांवर आवाजातले निरोप हाच बहुधा सर्वांत मराठी मजकूर असतो. हेल, लाडाची नावे, ‘अगंबाई’ आणि ‘काय रे’ त्यातूनच पोचतात.

घरातून भाषा गेली तर काय उरते, याचे उत्तर मॉरिशसमध्ये आहे. १८३४ पासून तिथे गेलेल्या करारबद्ध मजुरांत कोकणातल्या मराठी कुटुंबांचाही समावेश होता. त्यांचे वंशज घरी प्रामुख्याने क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच शिकतात. तिथल्या शाळांत मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते आणि मोकातल्या महात्मा गांधी संस्थेत उच्च शिक्षणातही आहे. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते. मॉरिशसच्या जनगणनेत घरात बोलली जाणारी भाषा आणि पूर्वजांची भाषा असे दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आहेत, आणि ही दोन उत्तरे जुळलीच पाहिजेत असे तिथे कोणी मानत नाही. तिथला मराठी माणूस क्रिओल बोलत मराठी असतो. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाची वाट आणखी निराळी. पहिल्या पिढीने तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले, पण नव्या पिढीचे बोलणे हिब्रूत गेले. या दोन्ही समाजांना ‘मराठी नाहीत’ असे म्हणणे जितके चूक, तितकेच ‘भाषा गेली तरी काही बिघडत नाही’ असे म्हणणेही. ओळख उरते, पण मराठीत लिहिलेले वाचण्याचे दार बंद होते आणि मग त्या ओळखीत भर पडत नाही.

यावरून गटांच्या नियमांसाठी काही गोष्टी निघतात.

पहिली, भाषा आणि लिपी यांचे नियम वेगळे असावेत. मराठीचा आग्रह धरता येतो. गप्पांमध्ये लिपीची सक्ती नसावी. सदस्यत्वासाठी तर लिपीची अट मुळीच नसावी.

दुसरी, जे टिकायला हवे ते युनिकोड देवनागरीत असावे. मंडळाची घटना, सभांची इतिवृत्ते, स्मरणिका, दिवाळी अंक, पाककृतींचे संग्रह हे त्यात येतात. मजकुराचे चित्र करून पाठवण्याची पद्धत इथे टाळावी. चित्रातली अक्षरे शोधात सहसा सापडत नाहीत, आणि अंध सदस्यांचे वाचक-सॉफ्टवेअर बहुधा त्यांच्यापाशी अडते.

तिसरी, तातडीची माहिती दोन्ही भाषांत द्यावी. रुग्णालय, अपघात, पासपोर्ट, वादळ यांच्या बातमीत भाषाप्रेमाची परीक्षा नको. तिथे मराठी न येणारी सून आणि जावईही ‘आपण’मध्ये मोजले पाहिजेत.

चौथी, शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या छापायच्या मजकुरात कराव्यात. गप्पांमध्ये अर्थाचा घोटाळा होत असेल तर खासगी निरोपात सांगावे. बोलीतले लेखन बोली म्हणून राहू द्यावे.

पाचवी, मंडळांच्या मराठी शाळांत अक्षर गिरवण्याइतकाच वेळ फोनवर देवनागरी टाइप करायला द्यावा. मुलांचे लिहिणे तिथेच होणार आहे. ज्येष्ठांच्या ध्वनिमुद्रित निरोपाखाली मुलांनी त्यातले एक वाक्य देवनागरीत उतरवायचे, एवढा गृहपाठ कान आणि अक्षर यांची गाठ घालायला पुरतो.

सहावी, मंडळाची गंभीर चर्चाही मराठीत व्हावी. हिशेब, निवडणूक, मतभेद हे विषय इंग्रजीला देऊन मराठीकडे फक्त हळदीकुंकू ठेवू नये.

गटाच्या माहितीतली ती एक ओळ बदलायची झाली तर ती अशी लिहिता येईल: ‘आपण इथे मराठीत बोलू या. देवनागरी येत असेल तर देवनागरीत, नसेल तर जमेल त्या अक्षरांत, किंवा नुसत्या आवाजात. अडलेला शब्द विचारावा; सांगणारे आहेत.’